शेकडा काय भाव?

माझं लग्न वैरणीनं जमवलं असं मी सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. पण गोष्ट खरी आहे. माझं माहेर अथणी तालुक्याच्या पूर्वेला, जतच्या हद्दीला लागून. आणि सासर खानापूर तालुक्यात, भाताच्या मुलखात. मध्ये दीडशे किलोमीटरच्या वर अंतर. त्या काळी आमच्याकडच्या मुली जतला, कवठेमहांकाळला, फार तर मिरजेला दिल्या जायच्या. बेळगावच्याही पलीकडे मुलगी देणं म्हणजे तिला परमुलखात सोडण्यासारखंच होतं.

१९७२ च्या दुष्काळात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन बैलजोड्या, एक गाय आणि तिची कालवड घेऊन पश्चिमेची वाट धरली. आमच्या राज्याचं नाव तेव्हा म्हैसूरच होतं. कर्नाटक व्हायला अजून वर्ष होतं. सोबत गावातले आणखी दोघेतिघे. बारा दिवस चालत ते खानापूरच्या बाजूला पोचले आणि एका घराच्या परड्यात पाऊस सुरू होईपर्यंत चार महिने राहिले. त्या घरानं पिंजराचे पैसे घेतले, पण जागेचे आणि पाण्याचे घेतले नाहीत. ही गोष्ट आप्पा पुढं आयुष्यभर सांगत. सहा वर्षांनी, १९७८ साली, त्याच घरात मला दिलं. आईनं अंतराची कुरकुर केली तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "ज्या घरात माझी मुकी जनावरं उपाशी ऱ्हायली न्हाईत, तिथं माझी पोर ऱ्हाईल व्हय?"

सासरी आले आणि पहिल्यांदा काय जाणवलं असेल, तर दारात कडबा नव्हता. आमच्या काळ्या रानात सुगी झाली की कडब्याच्या पेंढ्या बांधून अंगणात गंजी रचायची, आणि त्या गंजीच्या उंचीवरून घराची पत ठरायची. मुलगी बघायला येणारी माणसंसुद्धा आधी गंजीकडे बघून मग घरात शिरायची. इथं मात्र भाताच्या पिंजराची गोल, पावसाचं पाणी निथळून जावं अशी शाकारलेली गंजी. हातात घेतलं तर मऊ, पोकळ. कडब्याचा तो गोडसर वास नाही. मी सासूबाईंना विचारलं, "हे खाऊन म्हशी दूध देतात?" नव्या सुनेनं विचारू नये असा प्रश्न. त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली चरवी माझ्यापुढं आणून ठेवली.

आप्पांचं महिन्याला एक कार्ड यायचं. चि. सौ. अमुक हिस अनेक आशीर्वाद, वि. वि., इकडील सर्व क्षेम. आणि लगेच तिसऱ्या ओळीत कडब्याचा भाव. "शेकडा दोनशे. पाला बरा आहे. तिकडं पिंजर कसं?" पाऊस, पीक, आईचं गुडघ्याचं दुखणं, भावाचं लग्न हे सगळं त्यानंतर. मीही उलट टपाली भाव कळवायची. सुरुवातीला मला ही त्यांची खोड वाटायची. आपण लेक, एवढ्या लांब. आधी माझी खुशाली विचारावी की नाही? पुढं कळलं की ते माझी खुशालीच विचारत होते. पिंजर महाग म्हणजे गोठ्यात ओढ, गोठ्यात ओढ म्हणजे दुधाच्या पैशाला ओढ, आणि दुधाचे पैसे आटले की सुनेच्या वाट्याला काय येतं हे त्यांना माहीत होतं.

पण या पत्रव्यवहारात एक घोळ होता, आणि तो मिटायला आम्हाला काही वर्षं लागली. आप्पा लिहीत शेकड्याचा भाव, मी लिहायची गाडीचा. शेकडा म्हणजे शंभर पेंढ्या, एवढं ठीक. पण पेंढी केवढी? अथणीकडची पेंढी वेगळी, मंगळवेढ्याची वेगळी. ज्याचं पीक उंच त्याची पेंढी लांब, ज्याचा हात मोठा त्याची जाड. भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक आलं की काही शेतकरी भाव पाडतात आणि पेंढीच बारीक बांधतात. वर शेकड्याला पाच पेंढ्या जास्त द्यायची रीत कुठं आहे, कुठं नाही. भाताकडे तर मापच नाही. गाडी म्हणजे किती, तर गाडीवानाला जेवढी रचता येते तेवढी. पुढं बैलगाड्या जाऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या, तरी रचणाऱ्याच्या हाताचा फरक राहिलाच. एका भेटीत आप्पांनी सोबत ताणकाटा आणला. आमच्या परड्यात दोघांनी पिंजराचे भारे तोलले, कागदावर आकडे मांडले. त्यांच्या शंभर पेंढ्या म्हणजे सरासरी एकशेसाठ किलो, आणि आमची ट्रॉली म्हणजे हजार किलोच्या आसपास. त्यानंतर आमच्या कार्डांवर कंसात किलोचा भाव येऊ लागला. माझे मिस्टर हसायचे. म्हणायचे, "तुम्ही बापलेक बाजार समिती काढा."

आप्पांना भावाचं वेड होतं, पण ते सांगत त्यात तथ्य असायचं. कडबा महाग का, तर तो नुसता पाला नव्हे. रब्बीच्या मालदांडीचा कडबा रसाळ, गोड. जनावर बुडख्यापर्यंत खातं. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड करून काढलेली ही मालदांडी आमच्या काळ्या जमिनीत अजून टिकून आहे ती भाकरीपेक्षा कडब्याच्या जोरावर, असं त्यांचं मत होतं. मधल्या काळात हायब्रीड ज्वारी आली, कणीस दुप्पट आलं. पण ताट गुडघ्याएवढं, आणि खरिपाची असल्यानं पावसात काळं पडायचं. बैल तोंड फिरवायचे. कित्येकांनी हायब्रीड सोडून पुन्हा मालदांडी धरली ती बैलांच्या सांगण्यावरून.

पिंजराचं तसं नाही. त्याच्यात सिलिका फार, प्रथिनं तीन-चार टक्के. पोट भरतं, अंग धरत नाही. म्हणून भाताच्या मुलखात जनावराला सोबत मसुराचं भुसकट, कोंडा, पेंड, बांधावरचं ओलं गवत द्यावं लागतं. सासूबाईंनी माझ्यापुढं चरवी ठेवली तेव्हा ती पिंजराची नव्हती, भुसकटाची आणि पेंडेची होती, हे मला फार उशिरा समजलं. स्वस्त वैरणीचा खर्च असा दुसऱ्या दारानं आत येतो.

नणंद इंदुरास असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा शेजारी एक म्हशीवाला होता. तिथं गव्हाचा भूसा, कोठ्यात साठवलेला, आणि विक्री सरळ क्विंटलवर. मी सवयीनं "शेकडा काय भाव?" विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. गव्हाचा भूसा शंभर नग कसा मोजायचा? वजनानं विकणारा मुलूख मला त्या दिवशी फार प्रामाणिक वाटला. नणंद म्हणाली, "भुलू नकोस, पाणी मारून वजन वाढवतात."

पुढं धाकटा मुलगा नोकरीसाठी बोईसरला राहिला. तिकडे गेले की पालघरच्या बाजूला गवताच्या दाबलेल्या गाठी दिसायच्या. हे रानचं वाळकं गवत, आणि ते पूर्वीपासून जातं मुंबईच्या तबेल्यांना. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' मी तिथंच वाचलं. १९४५ साली वारल्यांनी संप केला त्यातली एक मागणी गवताचीच होती: पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी. त्यासाठी गोळीबार झाला, माणसं मेली. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले. आम्ही बापलेकींनी इतकी वर्षं वैरणीचे भाव लिहिले, पण कापणाऱ्या बाईला त्यातले किती पोचतात हा रकाना आमच्या कार्डावर कधी नव्हता. आमच्याही परड्यात पिंजराचे भारे वाहणाऱ्या बायका होत्याच.

आता २००३ सालाकडे येते. खरं म्हणजे एवढं सगळं लिहायला बसले ते त्या सालासाठी.

अथणीकडे वर्षाला पाऊस वीस-बावीस इंच, तोही वेळेवर आला तर. २००१ पासून तीन वर्षं त्यानं दगा दिला. कार्डावरचे भाव चढत गेले. शेकडा चारशे, साडेपाचशे, सातशे. मग एका कार्डावर भावच नव्हता. नुसतं "इकडील सर्व क्षेम." मी घाबरले. भावाच्या गावात तोवर फोन आला होता. तिथं निरोप ठेवून त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "अक्का, कडबा नऊशेच्या वर गेलाय, आणि तोबी पाला गळालेला. आप्पांनी एक जोडी इकली." चौदा हजारांना घेतलेली जोडी साडेपाच हजारांना गेली होती. दुष्काळात हे असंच होतं. वैरण चढते तशी जनावरं उतरतात. ज्याच्याकडे वैरण नाही त्याला दोन्हीकडून मार. आणि आता दुसऱ्या जोडीचीही बोलणी चालली होती.

पलीकडे जत तालुक्यात जनावरांची छावणी उघडली होती. आमच्या गावापासून चालत दोन तास. आप्पांची बहीण तिकडेच दिलेली, तिची जनावरं छावणीत होती. आप्पा जोडी घेऊन गेले, तर दारावरच्या माणसानं सातबारा मागितला. आप्पांनी पिशवीतून आपली पहाणी काढून दिली. त्यानं ती उलटसुलट केली आणि परत दिली, अक्षर कानडी. "आजोबा, हे आमच्यात चालत नाही." तो माणूस वाईट नव्हता, म्हणे. त्यानं बैलांना पाणी पाजू दिलं. आप्पा बहिणीच्या घरी जेवले आणि संध्याकाळी जोडी घेऊन परत आले. आमच्या बाजूची सरकारी गोशाळा होती ती तीस किलोमीटरवर, आणि तिथली वैरण दुपारपर्यंत संपायची.

हे ऐकल्यावर मी मिस्टरांशी बोलले, ते सासूबाईंशी बोलले. आमच्याकडेही पाऊस कमी झाला होता, पण भात आलं होतं आणि मळणी नुकतीच आटपली होती. सासूबाई म्हणाल्या, "त्या माणसानं बाहत्तर साली आमाला पिंजराचे पैसे मोजून दिलेत. आता आमी द्यायचं." परड्यातल्या गंजीतून तीन ट्रॉल्यांचं पिंजर काढलं. गावातला भाव धरला तर ट्रॉलीला आठशे, म्हणजे चोवीसशेचा माल. ट्रकवाल्यानं छत्तीसशे मागितले, भरायला-उतरायला हमाली पाचशे. परड्यात जे किलोला ऐंशी पैसे होतं ते माझ्या माहेरच्या अंगणात उतरेपर्यंत दोन रुपये सतरा पैसे झालं. वैरणीच्या धंद्यात हीच मेख आहे. वजन थोडं, आकार डोंगराएवढा. ट्रक भरतो, पण तोल भरत नाही. धान्याला जे भाडं जाणवत नाही ते वैरणीला मालापेक्षा जड होतं. म्हणूनच एका मुलखात ती उकिरड्यावर कुजते आणि शंभर कोसांवर जनावरं विकली जातात.

ट्रकबरोबर मी स्वतः गेले. अंगणात पिंजर उतरलं, आप्पांनी मूठभर हातात घेतलं, हुंगलं, आणि काही बोलले नाहीत. बैलांपुढं टाकलं. बैलांनी हुंगलं आणि मान फिरवली. दोन दिवस त्यांनी तोंड लावलं नाही. जन्मभर कडबा खाल्लेली जनावरं ती. मी रडकुंडीला आले. शेवटी आप्पांनी मिठाचं आणि गुळाचं पाणी केलं, पिंजरावर शिंपडलं, आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "खा बाबा. लेकीचं हाय." तिसऱ्या दिवशी जोडी खाऊ लागली. शेतकी खात्याच्या एका माणसानं युरियाची प्रक्रिया सांगितली होती: शंभर किलो पिंजराला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, ताडपत्रीखाली एकवीस दिवस हवाबंद दाबून ठेवायचं, पोषण वाढतं. शास्त्र खरं आहे, आमच्या गावात पुढं काहींनी केलंही. आप्पांनी मात्र हात जोडले. "खत रानाला घालत्यात. बैलाला न्हाई."

जोडी वाचली. इथवर गोष्ट चांगली आहे. पण आमची गंजी शिमग्यालाच संपली. तोवर आमच्याकडेही टंचाई पोचली होती. घाटाखाली गोव्याकडे पिंजराचे ट्रक जात होते आणि भाव रोज वर सरकत होता. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पिंजर विकत घेतलं, दोन ट्रॉल्या, पंधराशेच्या भावानं. भाताच्या मुलखात दारची गंजी संपणं म्हणजे लाज. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आप्पांना हे कळता कामा नये, असं त्यांनी घरात बजावलं.

आणि मी काय केलं? महिन्याचं कार्ड लिहायला बसले. हात आपला सवयीनं तिसऱ्या ओळीवर गेला. "पिंजर ट्रॉलीला पंधराशे झालं. आम्हीही दोन घेतल्या." पेटीत टाकून घरी आले, हातपाय धुतले, आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण टपालपेटीत हात घालून कार्ड काढता येत नाही.

आप्पांचं उत्तर आलं त्यात या विषयावर अवाक्षर नव्हतं. मला वाटलं, निभावलं.

२००५ साली पाऊस भरपूर झाला, कृष्णेला महापूर आला, आमच्या रानातही ओल खोलवर गेली. २००६ च्या मार्चमध्ये एका सकाळी आमच्या दारात कडब्यानं भरलेला ट्रक उभा राहिला. केबिनमधून आप्पा उतरले, कोपरीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि सासूबाईंपुढं धरला. "व्हैनीसाब, हिशेब तपासा." पिंजर तीन ट्रॉल्या. भाव आठशे धरला नव्हता, पंधराशे धरला होता. "तुमी दिलं तवा काय भाव व्हता त्ये न्हाई, तुमाला परत घ्यायला काय पडला त्ये खरं." त्याचे पंचेचाळीसशे, भाडं-हमालीचे एक्केचाळीसशे, मिळून शहाऐंशीशे. आणि सुगी चांगली झाल्यानं कडबा उतरला होता, शेकडा चारशे. म्हणजे दोन हजार एकशेपन्नास पेंढ्या. शेकड्याला पाच वर. ट्रकचं भाडं त्यांचं त्यांनी दिलेलं.

सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. त्यांनी कागद हातात धरला, माझ्याकडे एकदा असं बघितलं की मी खांबाआड झाले, आणि आप्पांना म्हणाल्या, "आमी सोयऱ्याला दिलं, तुमी सावकाराला फेडताय." आप्पा म्हणाले, "सोयऱ्याचं राखायचं म्हणूनच फेडतोय." पुढं दोघंही बोलले नाहीत. सासूबाई उठल्या आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. दुपारी पेंढ्या उतरत असताना त्या ओसरीवर बसून मोजत होत्या. मनात, ओठ हलवत. शेवटी म्हणाल्या, "तीन कमी हाईत." आप्पांनी हमालाला ट्रकच्या फाळक्याखाली बघायला सांगितलं. तीन पेंढ्या तिथं दबल्या होत्या. तेव्हा कुठं दोघंही हसले.

माझ्याशी मात्र सासूबाई पुढं महिनाभर तुटक वागल्या, आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही.

आप्पा २०११ साली गेले. त्यांची कार्डं माझ्याकडे एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. भावाच्या मुलानं बैल केव्हाच काढले; ट्रॅक्टर आहे, आणि दोन जर्सी गायी. आमच्याकडेही कापणीची यंत्रं फिरू लागली, पिंजराचे यंत्रानं बांधलेले चौकोनी गठ्ठे होऊ लागले, आणि परड्यात गंजी रचणारे हात राहिले नाहीत. २०२३ च्या दुष्काळात कर्नाटकानं चारा राज्याबाहेर न्यायला बंदी घातली, पलीकडे महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांनीही आपापल्या हद्दीबाहेर न्यायला. हुकुमामागचं कारण मी समजू शकते. आधी घरच्यांना पुरलं पाहिजे. पण आत्याच्या नातवाचा गोठा जतमध्ये आणि तिच्या भाच्याची गंजी अथणीत, मध्ये चालत दोन तासांची वाट. भाचा सांगत होता, त्या वर्षी रात्री पाच-दहा पेंढ्या दुचाकीवर बांधून नातलगांकडे जायच्या. किती गेल्या ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

परवा त्याचा फोन आला. आईची तब्येत, मुलांच्या परीक्षा, सगळं बोलून झालं, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "आत्ती, तिकडं पिंजराचा गठ्ठा कितीला हाय?"

मी म्हटलं, "सांगते. पण आधी सांग, तुमच्याकडचा गठ्ठा किती किलोचा असतोय?"

तो थांबला. म्हणाला, "त्ये तोलून बघाय पायजे."

"मग तोल," म्हटलं, "आणि उद्या फोन कर." ताणकाटा अजून तिथंच, माजघराच्या खुंटीला आहे, हे त्याला मी सांगितलं.